फलकावर न मावलेला शब्द

इंदूरहून आलेल्या एका पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. लिहिणाऱ्या बाई एका लहानशा फिनटेक कंपनीत प्रसिद्धीचे आणि ग्राहकसंवादाचे काम पाहतात. कंपनी त्यांच्या चुलतभावाची, म्हणजे त्यांच्या दादाची. दुकानदारांना ऑनलाइन पैसे घेता यावेत यासाठीची तांत्रिक सोय ही कंपनी पुरवते. पैसे मात्र आजवर दुसऱ्या एका परवानाधारक कंपनीमार्फत दुकानदाराच्या खात्यात जातात. स्वतःच पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे ग्राहकाचे पैसे स्वतःकडे घेऊन दुकानदाराला पोचवणारी कंपनी, व्हावे म्हणून दादाने रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला होता आणि गेल्या महिन्यात ‘तत्त्वतः मान्यता’ दिल्याचे पत्र आले. ऑफिसात पेढे वाटले गेले. आता धनत्रयोदशीच्या आत विजयनगर चौकात, राजवाड्याजवळ आणि सुपर कॉरिडॉरवर ‘आरबीआई से मान्यता प्राप्त’ असे मोठे फलक लागावेत, अशी दादाची इच्छा आहे. पहिल्या मसुद्यात ‘सैद्धांतिक’ (म्हणजे तत्त्वतः) हा शब्द होता. ओळ मावत नाही म्हणून फ्लेक्स छापणाऱ्याने तो काढला आणि दादाला तेच रूप आवडले. बाईंनी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, “पत्र हातात आहे ना? मग यात खोटे काय? साखरपुडा झाला की लोकांना सांगतातच.” कंपनीचे वकील म्हणतात की अंतिम परवाना येईपर्यंत चकार शब्द काढू नका. गुंतवणूकदारांना गाजावाजा हवा आहे. एका स्पर्धक कंपनीने असाच फलक आधीच लावला आहे. आणि खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांचे दुकान असलेले काका, म्हणजे दादाचे वडील, शेजारच्या दुकानदारांना सांगत सुटले आहेत की पोराच्या कंपनीला आता रिझर्व्ह बँकेची गॅरंटी मिळाली. “मी फार चिकित्सा करते आहे का? फलक जाऊ द्यावा, की वकिलांचे ऐकून सगळ्यांनीच गप्प बसावे?” असा बाईंचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात कायदा आहे, धंदा आहे आणि घरही आहे. पण माझी नजर अडकली ती फ्लेक्स छापणाऱ्याच्या अडचणीवर. तुमच्या इंग्रजी प्रसिद्धीपत्रकात ‘तत्त्वतः’ या अर्थाचा शब्द शाबूत आहे, कारण ते पत्रक पत्रकार आणि गुंतवणूकदार वाचणार आणि त्यांच्यापैकी कोणीतरी तो शब्द शोधणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदी फलकावर आला तेव्हा तो गळला. काकांच्या तोंडी पोचेपर्यंत ‘मान्यता’ही उरली नाही, तिची ‘गॅरंटी’ झाली. म्हणजे ज्याला त्या शब्दाची फारशी गरज नाही त्याला तो मिळतो, आणि ज्याचा दिवसभराचा गल्ला तुमच्या यंत्रणेतून जायचा आहे त्याच्या वाट्याला तो येत नाही. हे तुमच्या लक्षात आले आणि खटकले. याला चिकित्सा म्हणत नाहीत. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याचे हे कामच आहे.

दादाचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. पत्र हातात आहे, मग खोटे काय? यासाठी ते पत्र नेमके काय म्हणते हे पाहावे लागेल. ग्राहकाचे पैसे स्वतःकडे घेऊन दुकानदाराला पोचवणाऱ्या, बँक नसलेल्या कंपन्यांना २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी त्यासाठीचे नियम प्रथम काढले आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी एकत्रित निर्देश जारी केले. अर्ज करताना १५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य आणि पुढे तिसऱ्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस २५ कोटी, दुकानदारांचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात (ज्यातला पैसा कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाही), यंत्रणेची सुरक्षा तपासणी, तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी, अशा त्यातल्या अटी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या माहीत असतील. तत्त्वतः मान्यता म्हणजे अर्जदार सकृद्दर्शनी पात्र दिसतो, आता या अटी पुऱ्या करून दाखवा, असे सांगणारे पत्र. त्यात काम सुरू करण्याची मुभा अजून नाही. दादाचा साखरपुड्याचा दाखला मला आवडला, कारण तो त्याच्याच विरुद्ध जातो: साखरपुडा झाल्यावर लोकांना सांगतात हे खरे, पण ‘आमच्याकडे सून आली’ असे सांगत नाहीत.

हे नुसते शब्दच्छल वाटू नये म्हणून दोन जुन्या घटना सांगते. ऑगस्ट २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ११ अर्जदारांना पेमेंट्स बँक (ठेवी घेणारी, पण कर्ज न देणारी मर्यादित बँक) काढण्यासाठी तत्त्वतः मान्यता दिली होती आणि अटी पुऱ्या करायला १८ महिने दिले होते. पण २०१६ मध्ये त्यांतल्या तिघांनी बँक सुरू न करताच माघार घेतली. दुसरी घटना तुमच्याच क्षेत्रातली आहे. २०२२ च्या अखेरीस, आधीपासून हे काम करत असलेल्या आणि तत्त्वतः मान्यता मिळालेल्या काही नामांकित पेमेंट कंपन्यांना अंतिम निर्णय होईपर्यंत नवे व्यापारी जोडणे थांबवावे लागले होते. त्यांच्यापैकी काहींना अंतिम परवाना मिळाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे तत्त्वतः आणि अंतिम यांच्यामधले अंतर वर्षभराचेही असू शकते आणि मध्ये बरेच काही घडू शकते. तुमचा फलक मात्र त्या सगळ्या काळात राजवाड्याजवळ उभा असणार.

आता तुमच्याही एका गृहीतकाला हात घालते. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की आज हा फलक चुकीचा आहे, पण अंतिम परवाना आला की ‘आरबीआई से मान्यता प्राप्त’ बेधडक लिहिता येईल. कायद्याच्या शब्दांपुरते ते खरे ठरेल. पण काकांनी केलेली ‘गॅरंटी’ तेव्हाही खोटीच राहील. नियामकाची परवानगी कंपनीला विशिष्ट काम विशिष्ट अटींवर करण्यासाठी दिलेली असते; ग्राहकाचा पैसा बुडणार नाही, असे त्याने ग्राहकाला दिलेले ते वचन नसते. हे नियामकांना स्वतःला इतके ठाऊक आहे की ते आपल्याच मान्यतेखाली तळटीप लिहून घेतात. ठेवी मागणाऱ्या बिगरबँक वित्त कंपनीला जाहिरातीत नोंदणीबरोबरच हेही लिहावे लागते की कंपनीच्या आर्थिक भक्कमपणाची कोणतीही जबाबदारी वा हमी रिझर्व्ह बँक घेत नाही. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराला सांगावे लागते की या नोंदणीमुळे परताव्याची शाश्वती मिळत नाही. ही वाक्ये बारीक टायपात शेवटी छापलेली असतात आणि आपण ती वाचत नाही, हा भाग वेगळा.

यात मी स्वतः एकदा चुकले आहे. बँकेच्या एका शाखेत असताना काउंटरजवळच्या फळ्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘येथील ठेवी विमासंरक्षित आहेत.’ वाक्य खरे होते. निवृत्तीचे सगळे पैसे एकाच खात्यात ठेवायला आलेल्या एका शिक्षिकेने फळ्याकडे बोट दाखवून विचारले, “सगळेच ना?” आणि गर्दीच्या वेळी मी मान हलवली. त्या काळी विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला १ लाख रुपये होती. ती ५ लाख झाली ती ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्या बाईंचे पैसे बुडाले नाहीत, बँकही सुरळीत चालली. पण फळ्यावर ‘१ लाखापर्यंत’ एवढे दोन शब्द लिहायला जागा होती, हे मला अजून आठवते. वाचणारा आपल्या वाक्यातली रिकामी जागा स्वतःच्या आशेने भरून काढतो, आणि आपल्याला ते समोर दिसत असते.

म्हणून फलकाची परीक्षा ‘यातला कोणता शब्द खोटा आहे’ अशी करू नका. हे वाचून दुकानदार उद्या काय करील, असे विचारा. तो आपले चालू साधन सोडून तुमच्याकडे येईल का? पैसे तुमच्या कंपनीच्या खात्यातून येणार, असे समजेल का? पैसे अडकले तर रिझर्व्ह बँक भरून देईल, असे धरून चालेल का? तीनही उत्तरे ‘हो’ येत असतील आणि त्यांतली दोन वस्तुस्थितीला धरून नसतील, तर फलक दिशाभूल करतो. मग प्रत्येक शब्द सुटा घेतल्यावर खरा का असेना. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पण अंतिम निर्णय ज्यांच्या टेबलावर आहे त्यांच्याच नावाचा मोठा फलक त्यांना न विचारता लावणे, हे दंडाच्या आधीच महागात पडू शकते, आणि दादाला हा मुद्दा बहुधा सर्वांत लवकर पटेल.

वकिलांचा गप्प बसण्याचा सल्लाही मला पुरता पटत नाही. तो कंपनीला जपणारा आहे, पण गप्प बसायची वेळ निघून गेली आहे. पेढे वाटून झाले, काका बोलत आहेत, तुमची विक्रीची मुले दुकानादुकानांत काय सांगत असतील ते तुम्हाला ठाऊक नाही. शिवाय पेमेंट ॲग्रिगेटरसाठी आलेल्या अर्जांची स्थिती रिझर्व्ह बँक स्वतःच्या संकेतस्थळावर देते. कोणाला अंतिम परवाना आहे, कोणाला तत्त्वतः मान्यता आहे, कोणाचा अर्ज परत गेला, हे तिथे कोणालाही पाहता येते. जी गोष्ट नियामक स्वतः जाहीर करतो तीबद्दल तुम्ही मौन पाळले, तर ती अफवांच्या हवाली होते. सांगा; पण त्या यादीत तुमच्या नावापुढे जो शब्द आहे तोच शब्द वापरून सांगा. तीच यादी स्पर्धकासाठीही उघडून पाहा. त्यांना अंतिम परवाना मिळालेला असेल तर तुमची तुलनाच चुकते. नसेल, तर त्यांची चूक तुमच्या चुकीला परवाना ठरत नाही.

माझे मत स्पष्ट सांगते: ही बातमी फलकाची नाहीच. जिची अट सोडून ती लिहिता येत नाही आणि अटीसकट लिहिली तर चालत्या गाडीवरून वाचता येत नाही, अशी गोष्ट विजयनगर चौकात टांगू नये. तिची जागा प्रसिद्धीपत्रकात, कंपनीच्या संकेतस्थळावर आणि सध्याच्या दुकानदारांना पाठवायच्या संदेशात आहे. त्या संदेशात चार गोष्टी हव्यात: मान्यता कोणी दिली, कोणत्या कामासाठी दिली, ती कोणत्या टप्प्यावर आहे, आणि आज दुकानदारासाठी काय बदलले नाही. चौथी गोष्ट सगळे विसरतात. हिंदीत तो मजकूर असा होऊ शकेल: “हमारी कंपनी को पेमेंट एग्रीगेटर के काम के लिए रिज़र्व बैंक की सैद्धांतिक मंज़ूरी मिली है। अंतिम मंज़ूरी मिलने तक आपका पैसा पहले की तरह हमारी साझेदार कंपनी के ज़रिये ही आपके खाते में आएगा।” त्यावर तारीख घाला. दोन्ही वाक्ये एकाच आकाराच्या अक्षरांत ठेवा, कारण पहिले मोठे आणि दुसरे बारीक केले की पुन्हा तोच फलक तयार होतो. रिझर्व्ह बँकेची मुद्रा किंवा तिच्यासारखे दिसणारे काहीही चित्र वापरू नका. आणि नव्या नावाचा विचार चालला असेल तर त्यात ‘बँक’ हा शब्द येऊ देऊ नका. बँकिंग नियमन कायद्याचे कलम ७ त्याबाबत अगदी सरळ आहे.

मग फलकावर काय? इथे दादाच्या समजुतीलाच थोडा धक्का द्यावासा वाटतो. खजुरी बाजारातला दुकानदार रिझर्व्ह बँकेचे नाव वाचून खूष होईल, हे त्याने गृहीत धरले आहे. शाळा उघडण्याच्या हंगामात काकांच्या दुकानात तासभर उभ्या राहा. एक पालक सातवीच्या संचाचे १,८४० रुपये मोबाइलवरून भरतो, घरी जातो, आणि अर्ध्या तासाने परत येतो, कारण शाळेने गणिताचे पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाचे सांगितले होते. मागे आठ माणसे उभी. त्या क्षणी काकांना तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: पैसे जमा झाले आहेत का, त्यातले २६० परत कसे करायचे, आणि अडले तर फोन कोण उचलतो. जमा होण्याची वेळ, परतीची मुदत आणि रात्री नऊपर्यंत उचलला जाणारा एक फोन नंबर, एवढे फलकावर लिहिले आणि पाळले, तर तो फलक परवाना येण्यापूर्वीही खरा असेल आणि आल्यानंतरही बदलावा लागणार नाही. खर्चही एकदाच होईल, हे दादाला अवश्य सांगा.

तुमच्या कामाच्या यादीत आणखी थोडे घाला. विक्रीची मुले जे तोंडी बोलतात तीही कंपनीची जाहीर भाषाच असते; त्यांना दोन वाक्ये पाठ करून द्या आणि ‘गॅरंटी’, ‘सरकारी’, ‘आरबीआईवाली कंपनी’ हे शब्द सरळ बंद करा. व्हॉट्सॲपवरचे स्टेटस, नोकरीच्या जाहिराती, ईमेलखालची सही, दिवाळीच्या भेटीवरचे स्टिकर या जागा नेहमी राहून जातात. कोणताही मजकूर बाहेर जाण्यापूर्वी मूळ पत्र समोर ठेवून एकाच माणसाने तपासावा, आणि इंग्रजीवरून हिंदी किंवा मराठी केल्यावर तो पुन्हा तपासावा. तुमच्याकडे शब्द गळला तो नेमका तिथेच. आणि आज आनंदाच्या दिवशीच आणखी एक मसुदा लिहून ठेवा: मुदत वाढवून मागावी लागली किंवा अर्ज परत आला, तर दुकानदारांना काय सांगायचे. तो लिहिताना आजच्या घोषणेतला कोणता शब्द उद्या गिळावा लागेल, हे आपोआप दिसते.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. कर्ज देणाऱ्या ॲपची नावे १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत दिसतात. पण ८ मे २०२५ च्या निर्देशांतच म्हटले आहे की त्या यादीत असणे म्हणजे रिझर्व्ह बँकेची नोंदणी, परवानगी किंवा शिफारस नव्हे, आणि प्रचारात तसे भासवू नये. परवाना भागीदार बँकेचा किंवा वित्त कंपनीचा असेल तर तिचे नाव पूर्ण लिहा. ‘आम्ही आरबीआय नोंदणीकृत’ यातला ‘आम्ही’ कोण, हे ग्राहकाला कळले पाहिजे.

राहिला दादा. सगळ्यांसमोर, विशेषतः काकांच्या देखत, हा विषय काढू नका. बापासमोर मुलाची फुशारकी उतरवली तर तो फलकाच्या बाजूने हट्टाला पेटेल. आधी दोन्ही मसुदे घेऊन ओळखीच्या नसलेल्या पाच दुकानदारांकडे जा आणि प्रत्येकाला एवढेच विचारा, “हे वाचून तुम्हाला काय समजले?” त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्या आणि ती दादासमोर ठेवा. तुमचे मत त्याने बहिणीचे भित्रेपण म्हणून उडवले असेल. ग्राहकाचे वाक्य उडवणे त्याला जड जाईल. तुमची हरकत आणि सुचवलेला मजकूर ईमेलने पाठवा, वकिलांना त्यात घ्या. त्यांची आणि तुमची मते वेगळी असली तरी हा फलक नको, यावर तुमचे एकमत आहे, हे विसरू नका. एवढे करूनही फलक लागलाच, तर तो लावण्याचा अधिकार मालकाचा आहे. पण त्या मजकुरासाठी पत्रकारांचे फोन तुम्ही घेणार नाही, असे शांतपणे सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. नोकरी सोडण्याच्या गोष्टी इतक्यात करू नका.

आणि काका. त्यांना खोटे पाडायचे नाही, त्यांचा आनंद खरा आहे. येत्या रविवारी सकाळी पोहे-जिलेबी घेऊन त्यांच्याकडे जा आणि विक्रीचे पैसे खात्यात आल्याचा जो संदेश त्यांच्या मोबाइलवर येतो, तो त्यांनाच चष्मा लावून वाचायला सांगा. त्यात नाव अजून त्या दुसऱ्याच कंपनीचे आहे. ते पोराच्या कंपनीचे का नाही, असे ते विचारतील; तेव्हा समजावून सांगा, आणि मग शेजाऱ्यांना आता काय सांगाल, असे त्यांनाच विचारा. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे वाक्य माझ्या हिंदी मसुद्यापेक्षा बरे निघण्याचा संभव आहे. निघाले, तर दुकानदारांच्या संदेशात तेच घाला.